मिलोची भाकरी आणि आखूड दावे
शीतयुद्धातील अमेरिकी परराष्ट्र धोरण बीडच्या चुलीपर्यंत कसे पोहोचले, याचा आढावा

बीड जिल्ह्यात पासष्टी ओलांडलेल्या कुणापुढेही ‘मिलो’ हा शब्द काढून पाहावा. आधी तोंड वाकडे होते, मग हसू येते आणि मग बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सुरू होते. मिलो म्हणजे ‘कंट्रोल’वर, अर्थात रेशन दुकानात, मिळणारी तांबडी परदेशी ज्वारी. गावरान जोंधळ्याचे पीठ परातीत मळताना तळहाताखाली एकजीव होत जाते. मिलोचे पीठ मात्र नवे असूनही विरी गेल्यासारखे वागे. उकळते पाणी घालून मळले तरी थापताना कडा फुटायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. जी भाजून निघे ती तांबूस, जाड आणि गार झाली की वातड. ‘अमेरिकेत हे जनावरांना घालतात,’ असे बाया थापता थापता म्हणत. यात खोटे काही नव्हते. अमेरिकेत मिलो मुख्यतः पशुखाद्य म्हणूनच पिकवला जाई.

कॅन्सस-टेक्सासकडचे हे धान्य बालाघाटच्या डोंगरावरच्या वस्तीत कसे आले? ‘दुष्काळ होता म्हणून’ हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे वॉशिंग्टन, मॉस्को आणि दिल्ली यांच्यातल्या पंचवीस वर्षांच्या ओढाताणीत आहे. शीतयुद्धाचा इतिहास आपण क्षेपणास्त्रे, बर्लिनची भिंत आणि क्यूबा यांच्या भाषेत वाचतो. बीडसारख्या जिल्ह्यात ते पोत्यात भरून आले. त्या पोत्यांमागचे धोरण काय होते, त्याने काय साधले आणि अभ्यासक त्याकडे कसे पाहतात, हे या लेखात तपासायचे आहे.

भूक आणि लाल भीती

१९४७ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी साम्यवादाला जगभर बांध घालण्याचे धोरण जाहीर केले. आधी ग्रीस आणि तुर्कस्तान, मग मार्शल योजनेतून पश्चिम युरोप असा त्याचा प्रवास झाला. १९४९ मध्ये चीन साम्यवाद्यांच्या हाती गेला आणि अमेरिकेची नजर आशियातल्या खेड्यांकडे वळली. जिथे पोट रिकामे तिथे लाल झेंडा, असे साधे समीकरण वॉशिंग्टनमध्ये मांडले जाऊ लागले.

हे समीकरण हैदराबाद संस्थानाला चपखल बसते असे कुणालाही वाटले असते, आणि बीड त्याच संस्थानाचा भाग होता. १९४८ च्या सप्टेंबरमधील पोलीस कारवाईनंतरही तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालू राहिला. पक्षावर बंदी असल्याने तिथले कम्युनिस्ट आणि त्यांचे मित्र ‘पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट’ या नावाने निवडणुकीत उतरले. पहिल्याच लोकसभेत बीडने याच फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडून दिले. म्हणजे अमेरिकी धोरणकर्त्यांना ज्या प्रकारच्या जिल्ह्याची धास्ती होती, त्याच प्रकारचा हा जिल्हा होता.

धान्य हे मुत्सद्देगिरीचे हत्यार होऊ शकते याची पहिली चुणूक १९५१ मध्ये दिसली. भारताने गहू मागितला आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने खल झाला. कोरियाच्या युद्धात नेहरू अमेरिकेच्या मागे उभे राहिले नाहीत, याचा राग तिथे होता. अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलरची मदत मंजूर झाली, तीही देणगी म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. पुढच्या जानेवारीत तांत्रिक सहकार्याचा करार झाला. त्याचा पैसा आणि फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य यांच्या पाठबळावर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. आज पाटोदा किंवा आष्टीतला शेतकरी ‘ब्लॉक’, ‘बीडीओ’, ‘ग्रामसेवक’ हे शब्द सहज वापरतो. ते ज्या व्यवस्थेतून रुजले, तिच्या उभारणीच्या एका खांबावर शीतयुद्धाचा पैसा होता, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही.

पीएल ४८०: चार पक्षी, एक दगड

१० जुलै १९५४ रोजी आयसेनहॉवर यांनी ‘पब्लिक लॉ ४८०’वर सही केली. युद्धानंतर अमेरिकी शेतीत इतके धान्य पिकत होते की सरकारी कोठारे ओसंडून वाहत होती. या कायद्याने ते धान्य गरजू मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकता येऊ लागले. त्यातून कोठारे मोकळी होणार, शेतमालाला नवी बाजारपेठ मिळणार, घेणाऱ्या देशाचे डॉलर वाचणार आणि तो देश मॉस्कोकडे झुकायला कचरणार. केनेडींनी पुढे याला ‘शांततेसाठी अन्न’ असे नाव दिले.

भारताबरोबर पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा करार मात्र एका मराठी नेत्याच्या सहीने झाला. १ मे १९६० रोजी मराठवाड्यासह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये आयसेनहॉवर यांच्यासोबत करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ येणार होता. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे पाटील अमेरिकेशी सलगी लपवत नसत, आणि डावे त्यांना त्यावरून सोडत नसत.

सोव्हिएत संघाचा मार्ग वेगळा होता. त्याच्याकडे वाटायला धान्य नव्हते, म्हणून त्याने यंत्रे दिली. भिलाईचा पोलाद कारखाना, पवईची आयआयटी, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना. अमेरिकेनेही तारापूरची अणुभट्टी उभारली. पण सामान्य माणसाच्या मनात ‘रशिया म्हणजे कारखाना आणि अमेरिका म्हणजे गहू’ हीच जोडी बसली. बीडला यातला कारखाना लाभला नाही. त्याच्या वाट्याला धान्य आले.

आखूड दावे

१९६५ मध्ये पाऊस रुसला आणि १९६६ मध्येही. मधल्या काळात पाकिस्तानशी युद्ध झाले, ताश्कंदला शास्त्रीजी गेले आणि इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यातले बहुतांश अमेरिकेचे. जहाज बंदराला लागले की दुसऱ्या दिवशी त्यातला गहू कुणाच्या तरी ताटात, अशी परिस्थिती होती.

नेमक्या याच वेळी लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवले आणि महिन्या-दोन महिन्यांपुरते धान्य सोडायला सुरुवात केली. इतिहासकार या धोरणाचे वर्णन ज्या शब्दांनी करतात, त्याला आपल्याकडे तयार प्रतिमा आहे: आखूड दावे. खुंट्याला आखूड दाव्याने बांधलेल्या जनावराला चारा दिसतो, पण मान किती वळवायची हे मालक ठरवतो. जॉन्सन यांना भारताने शेतीवर अधिक खर्च करावा असे वाटत होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकी कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांच्यात तसा समझोता झाला होता. पण दाव्याला आणखीही पीळ होते. व्हिएतनामवरील बाँबफेकीवर दिल्लीने टीका केली की जहाजे रेंगाळत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. हे धनको देश आणि जागतिक बँकेच्या दबावाखाली झाले, अशी भावना देशभर पसरली.

मग १९६७ ची निवडणूक आली. अमेरिकी गव्हाचा ओघ सर्वाधिक असताना बीड लोकसभा मतदारसंघाने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून दिले. येडेमच्छिंद्रचा, सातारच्या प्रतिसरकारचा हा म्हातारा सेनानी मराठवाड्यातून लोकसभेत गेला. याला अमेरिकेविरुद्धचा कौल म्हणणे बाळबोध ठरेल. काँग्रेसवरची नाराजी, नानांचा करिष्मा आणि दुष्काळाची झळ या सगळ्यांचा तो मेळ होता. तरी एक गोष्ट उघड दिसते. ‘पोट भरले की लाल झेंडा उतरतो’ हे वॉशिंग्टनचे गणित बीडच्या मतपेटीत चुकले. १९७१ मध्ये जिल्ह्याने काँग्रेस निवडली आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना. मतदार आपला हिशेब आपल्या वहीत मांडत होता.

बियाण्यात आलेले शीतयुद्ध

धान्यामागोमाग बियाणे आले. १९६८ च्या मार्चमध्ये अमेरिकी मदत संस्थेचे प्रमुख विल्यम गॉड यांनी ‘हरितक्रांती’ हा शब्द वापरला तो सोव्हिएतांच्या लाल क्रांतीला पर्याय म्हणून. आपल्याकडे हा शब्द इतका रुळला की त्यातला रंगांचा डाव पुसला गेला.

बीडपुरते बोलायचे तर गहू-तांदळापेक्षा ज्वारीची गोष्ट महत्त्वाची. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने चाललेल्या संशोधनातून १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. त्याचा मादी वाण, ‘कंबाइन काफिर ६०’, अमेरिकेचा. कणसे यंत्राने कापता यावीत म्हणून तिथे बुटकी ज्वारी तयार केली होती. उत्पादन वाढले यात वाद नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तर राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर फाशी घेईन असे पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर केले होते आणि संकरित ज्वारीवर त्यांची मोठी भिस्त होती.

पण शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारी हे दुहेरी पीक आहे: माणसाला दाणा आणि बैलाला कडबा. बुटक्या ताटाला कडबा कमी. शिवाय लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडायचा. बीडचा मोठा भाग रब्बीचा, तिथे मालदांडीच टिकली. ‘हायब्रीड’ हा शब्द बोलीत बेचव, ठिसूळ, दिखाऊ अशा अर्थाने रूढ झाला. आजही नव्या पिढीच्या नाजूक प्रकृतीवर गावातली वडीलधारी मंडळी ‘हायब्रीड खाऊन वाढलेली’ म्हणून शेरा मारतात.

बहात्तर

आता मिलोकडे परत येऊ. इथे लोकस्मृती आणि कागदपत्रे यांच्यात एक फट आहे, आणि ती या आढाव्याच्या मुळाशी आहे.

९ ऑगस्ट १९७१ रोजी भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्धात निक्सन-किसिंजर जोडी पाकिस्तानच्या बाजूने उभी राहिली, सातव्या आरमाराची ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघाली आणि भारताची आर्थिक मदत गोठली. सवलतीच्या गव्हाचा अध्यायही १९७१ मध्ये संपला. म्हणजे १९७२ मध्ये महाराष्ट्रावर शतकातला एक भीषण दुष्काळ कोसळला तेव्हा रुपयांत मिळणारे अमेरिकी धान्य उरलेच नव्हते. सरकारला परदेशी धान्य बाजारभावाने, परकीय चलन मोजून घ्यावे लागले, आणि त्यात मिलो होता. ज्याला लोक आजही ‘अमेरिकेची खैरात’ म्हणतात, ते त्या वर्षी विकत घेतलेले धान्य होते.

तेही महागात. १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघातही पीक बुडाले आणि त्याने अमेरिकेकडून गुपचूप, अमेरिकेच्याच पतपुरवठ्यावर, प्रचंड धान्य उचलले. निक्सन तेव्हा मॉस्कोशी तणाव निवळवण्याच्या खटपटीत होते. जागतिक बाजारात गव्हाचा भाव पुढच्या दीड-दोन वर्षांत जवळपास तिप्पट झाला. दोन महासत्तांचे भांडण भारताला महाग पडत होतेच, आता त्यांचा समेटही महाग पडला. पुढे १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन धान्य उसने दिले. ज्याच्या खरेदीने भाव चढले त्यानेच मग हात दिला.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला दुष्काळी कामे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीड होता. सकाळी मुकादम मस्टरवर नावे घेई. पुरुष टिकावाने चौकडी खणत, बाया पाट्या वाहत, पोरे बाभळीच्या विरळ सावलीत धाकट्यांना सांभाळत. दुपारी सुकडी येई. ‘केअर’ या अमेरिकी संस्थेमार्फत आलेल्या पौष्टिक पिठात तेल आणि गूळ घालून केलेली ही कोरडी, भुरभुरीत, गोड पूड ओंजळीत, पदरात किंवा टोपीत घेतली जाई. ‘केअर’ची ही मदत खरोखर देणगीच्या खात्यातली होती. गंमत अशी की लोकांच्या आठवणीत विकत घेतलेला मिलो भीक म्हणून राहिला आणि फुकट मिळालेली सुकडी खाऊ म्हणून. मिलोची आठवण काढताना तोंड वाकडे करणारा माणूस सुकडीचे नाव निघताच हसतो.

अभ्यासक काय म्हणतात

पीएल ४८० वरचा वाद जुना आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्त्झ यांनी १९६० मध्येच इशारा दिला होता की असे स्वस्त धान्य घेणाऱ्या देशातले भाव पाडते आणि तिथल्या शेतकऱ्याचे हात बांधते. पुण्याच्या गोखले संस्थेत नीलकंठ रथ आणि व. स. पटवर्धन यांनी १९६७ मध्ये या मदतीचा भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणाम तपासणारे पुस्तकच प्रसिद्ध केले. अमेरिकेत चाललेल्या वादाला मराठी मुलखातून आकड्यांनिशी पडताळणी मिळाली, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

अलीकडच्या इतिहासकारांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. निक कुलाथर यांनी दाखवले की भूक मोजण्याची, ती कॅलरीत मांडण्याची पद्धत स्वतःच सत्तेचे साधन होती. डेव्हिड एंगरमन यांचा भर आणखी वेगळा: मदत ही केवळ देणाऱ्याची खेळी नव्हती, दिल्लीतले मंत्री आणि नियोजनकारही आपापले अंतर्गत डाव जिंकण्यासाठी महासत्तांचा वापर करत होते. सुब्रमण्यम यांना शेतीत जे बदल हवेच होते, त्यांना जॉन्सन यांच्या दबावाने बळ मिळाले. म्हणजे आखूड दाव्याचे दुसरे टोक कधी कधी बांधलेल्यानेच धरलेले होते.

बीडच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो तो ज्याँ द्रेझ यांचा १९७२-७३ च्या दुष्काळावरील अभ्यास. राज्यात दरडोई धान्य भयंकर घटले होते, तरी भूकबळींचे थैमान माजले नाही, कारण कामावरच्या मजुरीने लोकांच्या हातात पैसा आला आणि पैशाच्या ओढीने धान्य बाजारात आले. परदेशी धान्याने रेशन दुकानाचा डोलारा सावरला, पण माणसे जगवली ती मुख्यतः मस्टरवरच्या हजेरीने. हे मान्य केले की पंचवीस वर्षे वॉशिंग्टन, मॉस्को आणि दिल्लीत चाललेल्या ‘किती टन?’ या वादाचा मुद्दाच थोडा हलतो. प्रश्न धान्याइतकाच, किंबहुना अधिक, हातातल्या पैशाचा होता, आणि तो पैसा कोणत्याही महासत्तेच्या जहाजातून येत नव्हता.

मागे काय उरले

काही हिशेब कागदावर मिटले. धान्याच्या बदल्यात अमेरिकेच्या नावे साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश राजदूत मॉयनिहन यांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये भारताला परत केला. त्याआधी याच रुपयांतून १९६२ पासून अमेरिकी विद्यापीठांसाठी भारतीय पुस्तके विकत घेतली जात होती, त्यात मराठी पुस्तकेही होती. आमच्याकडे त्यांची पोती आली आणि त्यांच्या ग्रंथालयांत आमची पुस्तके गेली. अमेरिकेतल्या मराठी अभ्यासाला त्याचा हातभार लागला, ही त्या व्यवहारातली अनपेक्षित जमेची बाजू.

शेताच्या बांधावर मात्र गाजर गवत उरले. ‘हे मिलोच्या पोत्यातून आले’ असे बीडमध्ये छातीठोकपणे सांगितले जाते. तारखा पाहिल्या तर हे जुळत नाही; पुण्यात त्याची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यातच झाली होती, बहात्तरच्या कितीतरी आधी. परदेशी गव्हातून ते देशात पसरले असण्याची शक्यता अभ्यासक मांडतात, पण त्यासाठी मिलोला दोष देता येत नाही. तरीही लोक मिलोलाच धरतात, कारण नकोशा गोष्टीला नकोसा पूर्वज शोधणे सोपे असते.

आणि उरले पाझर तलाव. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना बहात्तरच्या कामांवर तावूनसुलाखून निघाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ मध्ये देशाने तिचा धडा गिरवला. भुकेला राजकीय उत्तर देण्याची स्पर्धा दोन महासत्तांमध्ये लागली होती. टिकणारे उत्तर तिसरीकडूनच आले: मागितले की काम मिळण्याचा हक्क. त्या उत्तरातही उणिवा राहिल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या जोडप्यांना विचारले तर त्या मोजून सांगतील.

बहात्तरला खणलेल्या तलावांपैकी बरेच आता गाळाने भरले आहेत. पाऊस बरा झाला की त्यांच्या खालच्या विहिरींना अजून पाणी वाढते. त्या पाण्यावर रब्बीची मालदांडी उभी राहते, आणि तिचे पीठ मळताना पाणी उकळावे लागत नाही.